ब्रेक का थरथरतो? वर्ध्याच्या बंडीपासून समृद्धीवरील कॅम्पर व्हॅनपर्यंत

१/
समृद्धी महामार्गावरून शंभराच्या वेगाने येणारी कॅम्पर व्हॅन वर्धा जिल्ह्यात बाहेर पडण्यासाठी वेग कमी करते. ब्रेकवर पाय पडताच स्टिअरिंग हातात थरथरू लागते. पाय उचलला की थरथर थांबते. गॅरेजमधला निदानाचा शब्द ठरलेला असतो : ‘डिस्क वाकली.’ नवी डिस्क बसते, गाडी काही हजार किलोमीटर शांत धावते आणि थरथर परत येते. ती परत का येते, हा या धाग्याचा विषय आहे. प्रश्न यांत्रिक असला तरी त्याच्या उत्तराला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यातील बराचसा वर्धा जिल्ह्याच्या वाटांवरून सांगता येतो.

२/
वर्धा जिल्ह्याचा जन्मच वाटांशी जोडलेला. १८६२ साली नागपूरपासून हा जिल्हा वेगळा झाला. आरंभी त्याचे मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या वर्धा शहरात आले. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. तिचा मार्ग वर्ध्यातून होता. आज हिंगणघाट आणि जाम येथून उत्तर-दक्षिण महामार्ग जातो, तळेगाव (श्यामजीपंत) आणि कारंजा (घाडगे) येथून अमरावती-नागपूर रस्ता जातो, तर येळाकेळी, विरुळच्या परिसरातून समृद्धी महामार्ग. बंडी, आगगाडी आणि मोटार, तिन्हींना या मातीत कुठे ना कुठे थांबावे लागले आहे.

३/
थांबणे म्हणजे नेमके काय? गतीतील ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेक तिचे उष्णतेत रूपांतर करतो. साडेतीन टन वजनाची कॅम्पर व्हॅन ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे साडेतेरा लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. तेवढ्या उष्णतेने चार लीटरहून अधिक पाण्याला उकळी फुटेल. ताशी ५० किलोमीटर वेगाला हीच ऊर्जा एक चतुर्थांश असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ब्रेकचा इतिहास हा एका अर्थाने ‘ही उष्णता कुठे जाते?’ या प्रश्नाचा इतिहास आहे.

४/
पहिले वाहन बंडी. विदर्भात ओझ्याच्या बैलगाडीला बंडीच म्हणतात. मैदानी मुलखातील साध्या बंडीला वेगळा ब्रेक नसे. बैल हाच तिचा ब्रेक. उतारावर बैल मागे रेटून धरत आणि ओझ्याचा भार त्यांच्या मानेवरच्या जुवावर येई. उतार मोठा असेल तर चाकाला लाकूड घासवायचे, किंवा गाडीमागे ओंडका ओढत न्यायचा. वेग माणसाच्या चालीएवढा, त्यामुळे निर्माण होणारी उष्णता नगण्य. चाक जड चालत होते, आणि त्या जडपणातच निम्मे थांबणे होते.

५/
तरीही उष्णता आणि चाक यांचे नाते वर्ध्याच्या गावागावांत माहीत होते. ते लोहाराला माहीत होते. सुतार तुंबा, आरे आणि पाट्या जोडून लाकडी चाक तयार करी. त्यावर लोखंडी धाव चढवण्याचे काम लोहाराचे. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आरात सगळीकडून सारखी तापवायची, फुगलेली असतानाच चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची. ताव एका बाजूला कमी पडला तर धाव नीट बसत नसे. तापलेले लोखंड आकार बदलते, आणि असमान तापले तर असमान बदलते, हे ज्ञान डिस्क ब्रेकच्या कितीतरी आधीचे आहे. पुढे हेच सूत्र पुन्हा भेटेल.

६/
मग रेल्वे आली. मुंबई-ठाणे मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि १८६५ मध्ये थळघाट. वर्ध्याचा कापूस मुंबईला जायचा तो याच थळघाटातून उतरून. लोखंडी रुळावर लोखंडी चाक अत्यंत हलके चालते. तोच तिचा गुण, आणि तेच घाटातले भय. आरंभीच्या गाड्यांत इंजिनाला व ठरावीक डब्यांना हाताने आवळायचे ब्रेक असत. चालकाने शिट्टी द्यायची आणि त्या खुणेवर गार्डने चक्र फिरवून ब्रेक आवळायचा. बोरघाटात सुटलेली गाडी दरीत जाऊ नये म्हणून चढावर नेऊन थोपवणारे खास फाटे बांधावे लागले. जिथे ब्रेक अपुरा पडेल तिथे जमिनीलाच ब्रेक करण्याचा हा प्रकार होता.

७/
ही पद्धत किती तोकडी होती, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे उघड झाले. सहलीला निघालेल्या गाडीचे डबे चढावर इंजिनापासून वेगळे केले गेले. ते मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. भारतातील रेल्वेवर पुढे अनेक दशके निर्वात ब्रेक चालला. सगळ्या डब्यांतून जाणाऱ्या नळीत इंजिन निर्वात ठेवते. नळी तुटली की हवा आत शिरते आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला तर गाडी सुटू नये, थांबावी, हे तत्त्व तेव्हा रुजले.

८/
थरथरीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना ११ वर्षे आधीची. १८७८ मध्ये कॅप्टन डग्लस गॉल्टन आणि हवेच्या ब्रेकचे जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ प्रयोग केले. चाकावर दाबल्या जाणाऱ्या बिडाच्या ठोकळ्याचे घर्षण प्रत्यक्ष मोजण्यात आले. निष्कर्ष अनपेक्षित होता : वेग जास्त असताना घर्षण कमी असते आणि वेग उतरत गेला की ते वाढते. ठोकळा बराच वेळ दाबून धरला तरीही घर्षण घटते. म्हणजे दाब तोच राहिला तरी पकड तीच राहत नाही. ब्रेकची पकड वेग, ताप आणि पृष्ठभाग यांच्याबरोबर बदलते, हे प्रथमच आकड्यांत आले. ती एका फेऱ्याच्या आतच कमीजास्त होऊ लागली, की त्यालाच आपण थरथर म्हणतो.

९/
रेल्वेला या थरथरीची एक जुनी बहीण ठाऊक होती. ब्रेक इतका घट्ट बसला की चाक फिरायचेच थांबले, तर ते रुळावर घसरत जाते आणि एका जागी झिजून चपटे होते. त्यानंतर ते चाक प्रत्येक फेऱ्याला एक ठोका देते. स्थानकांवर गाडी थांबली की एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर टोले देत जाई. निरोगी चाकाचा नाद स्वच्छ, तडा गेलेल्याचा बद्द. अशा कानांनी केलेली निदाने बहुधा कोणत्याही दप्तरात उरली नाहीत. पण बिघाड ओळखण्याची शिस्त त्यांच्यापासून आली : आधी ऐकायचे, मग शोधायचे, आणि बदलायचे ते सगळ्यात शेवटी.

१०/
विसाव्या शतकात वर्ध्याच्या रस्त्यावर एक चमत्कारिक वाहन दिसले. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यात राहायला आले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभारले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गेले. वाट कच्ची, पावसाळ्यात चिखलाची. जमनालालजींच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून पाहुण्यांना नेत आणि तिला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, ही आठवण त्या काळातून सांगितली जाते. विनोद बाजूला ठेवला तर या वाहनात ब्रेकच्या इतिहासाचा सांधा दिसतो. चाक मोटारीचे, रबरी धावेचे, हलके चालणारे, आणि थांबवणारा मात्र अजून बैलच.

११/
रबरी टायरची बंडी नंतर सर्वत्र झाली. ती ओढायला हलकी, पण उतारावर धरायला अवघड. वाहतुकीच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा घडते : चाक मोकळे होते तेव्हा ब्रेक मागे पडलेला असतो. इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी चांगला घासणारा पदार्थ शोधण्यापासून सुरुवात केली आणि १८९७ मध्ये त्याचा उद्योग उभारला. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. मात्र धातूवर धातू घासल्याने तो कर्कश ओरडत असे. त्याच सुमारास लुई रेनो यांचा ड्रम ब्रेक आला आणि पुढची पन्नास वर्षे त्याचीच झाली. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली, त्यानंतर डिस्कचे युग सुरू झाले.

१२/
डिस्क का जिंकली? उत्तर पुन्हा उष्णतेत आहे. ड्रममध्ये शू आतून घासतात, ताप कोंडला जातो. ड्रम फुगतो, पकड घटते. डिस्क उघडी असते, वारा लागून लवकर निवते. पण उघडेपणाची किंमतही आहे. पाणी, चिखल, गंज तिला थेट भेटतात. शिवाय पॅड तिच्यापासून केसभर अंतरावर असतात. त्यामुळे डिस्क जरा वाकडी फिरली तरी पॅडला स्पर्श करते. ड्रमची थरथर सहसा त्याच्या लंबगोल होण्यातून येते. डिस्कची थरथर जाडी कमीजास्त होण्यातून येते.

१३/
आता कॅम्पर व्हॅन. जगात तिची ओळख झाली ती १९५० च्या फोक्सवॅगन बसमुळे. महाराष्ट्रातील तिची वंशावळ मात्र वर्ध्यापर्यंत पोहोचते. जमनालाल हे वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घरी दत्तक आलेले. त्या बच्छराजांचे नाव घेऊन १९४५ मध्ये स्थापन झालेली व्यापारी कंपनी म्हणजे आजची बजाज ऑटो. १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो वाहनांसाठी बजाज टेम्पो उभी राहिली, तीच आजची फोर्स मोटर्स. तिची मॅटाडोर १९६९ पासून सुमारे तीस वर्षे बनत होती. मराठीत ‘मॅटाडोर’ हे वाहनाच्या जातीचेच नाव होऊन बसले. १९८७ च्या ट्रॅव्हलरवर पुढे अनेकांनी फिरती घरे बांधली. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले.

१४/
मूळ गाडी माणसे नेण्यासाठी बनलेली असते. फिरत्या घरात पलंग, कपाटे, पाण्याची टाकी, गॅस, बॅटऱ्या, छतावर सौर पट्ट्या चढतात. शंभर लीटर पाणी म्हणजेच शंभर किलो. माणसे उतरतात, पण हे ओझे कायम गाडीत राहते, आणि बहुधा एका बाजूला किंवा मागच्या चाकांवर अधिक. शिवाय अशी गाडी वर्षातील बरेच दिवस उभी असते. जास्त वजन आणि दीर्घ विश्रांती, थरथरीची दोन्ही बीजे तिच्यात आधीपासून असतात.

१५/
‘डिस्क वाकली’ हा शब्दप्रयोग बहुतेक वेळा चुकीचा असतो. डिस्क बिडाची असते. ती पत्र्यासारखी सहज वाकून राहत नाही. थरथर येते ती डिस्कची जाडी परिघावर सगळीकडे सारखी न राहिल्याने. फरक किती असावा? मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे २० मायक्रॉनच्या आसपास असला तरी पायाला जाणवू शकतो. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड असतो. डोळ्याला न दिसणारी ही उंचसखलता पॅडखालून जाते तेव्हा ब्रेकची पकड प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते. तोच हेलकावा पेडलपर्यंत आणि स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो.

१६/
ही उंचसखलता कशी तयार होते? पहिला मार्ग थंड. हबवर गंजाची खपली राहिली, माती अडकली किंवा व्हील नट एका बाजूने जास्त आवळले गेले, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न लावताही तिचा एक भाग दर फेऱ्याला पॅडला चाटून जातो. हजारो किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजतो. नवी डिस्क टाकल्यावर थरथर काही काळाने परत का येते, याचे उत्तर येथे आहे. डिस्क बदलली, पण हब साफ केला नाही. रोग खाली राहिला आणि लक्षण तेवढे बदलले गेले.

१७/
दुसरा मार्ग तप्त. लांब उतारावर किंवा मोठ्या वेगातून कडक ब्रेक मारून गाडी थांबवली आणि पेडल दाबूनच उभी ठेवली, तर लालबुंद होण्याच्या बेतात आलेल्या डिस्कवर पॅडचा पदार्थ त्याच जागी चिकटतो. पॅडचा ठसाच उमटतो म्हणा. ताप फार चढला तर बिडाच्या रचनेतच ठिकठिकाणी कठीण डाग तयार होतात. त्या जागा इतरांहून कमी झिजतात. वरून डिस्क घासून घेतली तरी डाग खोलवर गेलेले असतील तर ते पुन्हा वर येतात. लोहाराने धाव सर्व बाजूंनी सारखी तापवण्याचा आग्रह धरला होता, तो का, हे येथे कळते.

१८/
तिसरा मार्ग विश्रांतीचा. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. पॅडखाली झाकलेला भाग मात्र वेगळा गंजतो आणि तेथे पॅडच्या आकाराची खूण राहते. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या ड्रममध्ये शू चिकटून बसतात. हलका गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. खोल गंज जात नाही. वर्ध्याचा ४५ अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा ब्रेकला तितका त्रास देत नाही, जितका त्यानंतरचा ओला आषाढ देतो.

१९/
निदानाची पहिली पायरी : ब्रेक न लावता गाडी थरथरते का? थरथरत असेल तर संशय टायर, व्हील बॅलन्सिंग, वाकडी रिम किंवा बेअरिंगवर. फक्त ब्रेक लावल्यावरच थरथरत असेल तर ब्रेककडे वळावे. दुसरी पायरी : थरथर कुठे येते? स्टिअरिंगमध्ये आली तर बहुधा पुढची चाके. आसनाखाली आणि गाडीच्या सांगाड्यात आली तर बहुधा मागची. पेडलचे हेलकावे दोन्हीकडचे असू शकतात. अचानक कडक ब्रेकवर पेडलला जलद टकटक जाणवली, तर ते एबीएसचे काम असू शकते. तो बिघाड नव्हे.

२०/
तिसरी पायरी : वेगाबरोबर थरथरीची लय बदलते का? अशा गाडीच्या टायरचा परिघ साधारण सव्वादोन मीटर. ताशी १०० ला चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेते, ताशी ५० ला सहा. लय वेगाबरोबर मंदावत असेल तर दोष फिरणाऱ्या भागातच आहे. थरथर एखाद्या ठरावीक वेगालाच वाढत असेल तर सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे सांधे ढिले आहेत का पाहावे. दोष डिस्कचा असतो, ढिला सांधा तो मोठा करून दाखवतो. चौथी पायरी : थरथर सकाळी पहिल्याच ब्रेकला येते, की घाट उतरल्यावर? पहिली बहुधा झिजेची किंवा गंजाची, दुसरी तापाची.

२१/
यानंतर मोजमाप. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, पक्क्या स्टँडवर घ्यावी. डायल गेजने डिस्क फिरताना किती डुलते ते पाहावे. पुष्कळ कंपन्यांची मर्यादा मिलिमीटरच्या पाच ते दहा शतांशांच्या आत असते, गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत मिळतो. मायक्रोमीटरने परिघावर आठ ठिकाणी जाडी घ्यावी आणि आठही आकडे लिहून ठेवावेत. डिस्कवर कोरलेली किमान जाडीही पाहावी. तिच्या खाली गेलेली डिस्क घासून घेण्याचा प्रश्नच येत नाही. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त तापत असेल तर कॅलिपर अडकला आहे. तो मोकळा केल्याशिवाय नवी डिस्कही टिकणार नाही.

२२/
प्रतिबंध बसवतानाच सुरू होतो. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करावा. कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावावे. व्हील नट समोरासमोर, ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्याइतकेच आवळावेत. पंक्चरच्या दुकानात हवेच्या बंदुकीने आवळलेले नट नंतर एकदा तपासावेत. एका धुरीवरील दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्क एकत्र बदलावेत. नव्या पॅडना मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून अनेकदा हलके ब्रेक लावून, पूर्ण न थांबता, मधे निवू देत रुळवावे. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये. विसाव्या शतकात लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरला जाई आणि ती धूळ फुप्फुसांसाठी घातक ठरली.

२३/
बाकीचा प्रतिबंध चालवण्यात आहे. सगळे सामान, भरलेली टाकी आणि माणसे घेऊन गाडी एकदा धर्मकाट्यावर न्यावी. वजन मर्यादेत आहे का, हे तेथेच कळते. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. साडेतीन टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे एक कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. इंजिनाने आपला वाटा घेतला नाही तर ती सारी डिस्कवर येते. ब्रेक सतत चाटत ठेवण्याऐवजी नीट दाबून वेग कमी करावा आणि सोडून द्यावा. महामार्गावरून बाहेर पडताना वेग आधीपासून उतरवत यावे. घाटाच्या तळाशी लगेच थांबून पेडल दाबून उभे राहू नये, दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून ब्रेक निववावेत.

२४/
गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल तर आधी थोडी चालवून ब्रेक कोरडे करावेत. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, हँडब्रेक महिनोन्महिने ओढून ठेवू नये. पंधरा दिवसांनी गाडी थोडी हलवावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि तापल्यावर त्यात वाफ होऊन पेडल पोकळ होऊ शकते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणि एक मर्यादा : पेडल खाली बसत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, धातू घासल्याचा आवाज किंवा जळका वास येत असेल, तर ती साधी थरथर नव्हे. ती गाडी घाटात नेऊ नये. टो करून गॅरेजलाच न्यावी.

२५/
जिल्ह्याच्या इतिहासात स्थापनेच्या तारखा, आंदोलने आणि माणसे नोंदली जातात. सारखा ताव देणारा लोहार, चाकाचा नाद ऐकणारा रेल्वे कामगार आणि बोटाच्या टोकाने ड्रमचा ओव्हलपणा ओळखणारा गॅरेजमधला मिस्त्री त्यांत क्वचितच येतात. तरी बंडी, आगगाडी आणि मोटार या तिघींना सुरक्षित थांबवणारे ज्ञान त्यांनीच हातोहात पुढे दिले. या ज्ञानाचा गाभा एकच आहे : थरथर जेव्हा जाणवते तेव्हा ती जन्मत नाही. ती तिरक्या बसवलेल्या डिस्कमध्ये, घाटाच्या तळाशी दाबून धरलेल्या पेडलमध्ये किंवा पावसात उभ्या राहिलेल्या महिन्यात आधीच तयार झालेली असते.

२६/
म्हणून पुढच्या वेळी ‘डिस्क वाकली, बदलून टाकू’ असे ऐकले, तर होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. डुल किती भरली? आठ ठिकाणची जाडी किती आली? हब साफ केला का? आकडे सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नये. त्याच गाडीत मागे कोणाची तरी मुले झोपलेली असतात.

(धागा समाप्त)